कवटीवर हात ठेवून

“तुला सुचलेली कथानकं दुसऱ्या लेखकांना तुझ्याआधी सुचोत. करार करताना प्रकाशक तुला नाडोत. अनोळखी माणसं तुझ्यावर अब्रुनुकसानीचे दावे लावोत. तुझ्या पानापानावर छपाईच्या चुकांचा सुळसुळाट होवो आणि तुझ्या पुस्तकांचा खप सतत घटत जावो.”

हा शाप लेखकांनी लेखकाला द्यायचा असे. लंडनच्या डिटेक्शन क्लबमध्ये, म्हणजे रहस्यकथाकारांच्या मंडळात, नवा सभासद घेताना १९३० च्या दशकात जी शपथ दिली जाई, तिचा शेवट असा व्हायचा. शपथ पाळलीस तर भलं होईल, मोडलीस तर हे सगळं भोगशील. मी रहस्यकथांचा जुना वाचक, अधूनमधून लिहिणाराही. लेखकांची मंडळं आणि मेळावे यांच्याबद्दल पुष्कळ वाचलं, थोडं पाहिलं, पण या क्लबवर जडला तसा जीव दुसऱ्या कशावर जडला नाही. या शापातच त्याचं कारण आहे. शाप देणाऱ्यांनी रौरव नरकाची भीती न घालता छपाईच्या चुकांची घातली. दिवाळी अंक हातात यावा, धडधडत्या छातीने आपली कथा उघडावी आणि ज्या एका वाक्यात सगळी मेख मारून ठेवली आहे त्याच वाक्यातली वेळ चुकीची छापलेली दिसावी, हे ज्याने सोसलंय त्याला या शापाची धार लगेच कळेल.

क्लबचा जन्म जेवणाच्या टेबलावर झाला. अँथनी बर्कली या नावाने लिहिणारे अँथनी बर्कली कॉक्स लंडनजवळ वॉटफर्डला राहत. १९२८ च्या सुमाराला त्यांनी गुप्तहेरकथा लिहिणाऱ्या आपल्या समव्यावसायिकांना घरी जेवायला बोलवायला सुरुवात केली. त्या जेवणांतून १९३० मध्ये रीतसर क्लब उभा राहिला. फादर ब्राउन या पाद्री-गुप्तहेराचे जनक जी. के. चेस्टरटन पहिले अध्यक्ष झाले. अगाथा ख्रिस्ती होत्या, डोरोथी सेयर्स होत्या, ई. सी. बेंटली होते, बॅरोनेस ऑर्झी होत्या. रोनाल्ड नॉक्स हे कॅथलिक पाद्री. फ्रीमन विल्स क्रॉफ्ट्स हे आयर्लंडमधल्या रेल्वेत इंजिनिअर होते, त्यामुळे त्यांच्या कथांतले गुन्हेगार गाड्यांच्या वेळापत्रकात लपायचे आणि तिथेच सापडायचे. जॉन ऱ्होड तोफखान्यातले मेजर. ख्रिस्ती बाईंनी पहिल्या महायुद्धात इस्पितळाच्या औषधालयात काम केलेलं, म्हणून त्यांची विषं कधी चुकली नाहीत. सेयर्स जाहिरात कंपनीत मजकूर लिहायच्या. आणि राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना गिल्ड समाजवादाच्या धड्यात भेटणारे जी. डी. एच. कोल पत्नी मार्गारेट यांच्यासोबत गुप्तहेरकथा लिहीत, तेही याच टेबलावर. मला ही यादी वाचतानाच आनंद होतो. इतक्या वेगवेगळ्या वाटांनी आलेली माणसं एका टेबलाशी बसून काय बोलत असतील? मृत्युपत्रातली पळवाट, आर्सेनिकची मात्रा, भरतीची वेळ.

सभासदत्व मागून मिळत नसे. सभासदांनीच नाव सुचवायचं आणि मग मतदान. उमेदवाराच्या नावावर मान्यता पावलेल्या निदान दोन गुप्तहेर कादंबऱ्या हव्यात, क्वचित एखादी असामान्य असेल तर एकही चालेल. नियमांत हेही लिहिलेलं होतं की नुसत्या साहसकथा किंवा थरारकथा यात धरल्या जाणार नाहीत आणि वाचकाशी सचोटीने न वागणं हा कादंबरीचा दोष मानला जाईल. हे शेवटचं वाक्य मला फार मोलाचं वाटतं. भाषा, पात्रं, वातावरण, खोली यांवर टीकाकार नेहमीच बोलतात. इथे लेखकांनी स्वतःहून सांगितलं की आमच्या धंद्यात वाचकाचा विश्वास हाच मुख्य माल आहे आणि त्यात भेसळ करणारा आमच्यात नको.

अशी अट घालायची गरज का पडली, हे समजायला त्या काळातली इंग्रजी रहस्यकथा आठवावी लागते. पहिलं महायुद्ध संपल्यावर या कथांचा पूर आला. भिंत सरकून भुयार निघायचं, खलनायकाकडे कुणालाच माहीत नसलेलं विष असायचं, शेवटच्या प्रकरणात मेलेल्या माणसाचा जुळा भाऊ उगवायचा. नॉक्स यांनी १९२९ मध्ये दहा नियम लिहून काढले, ते आजही सांगितले जातात. गुन्हेगार कथेत लवकर आलेला असावा. अतिमानवी शक्ती नको. गुप्त खोली किंवा भुयार एकाहून जास्त नको. विज्ञानाला अज्ञात असलेलं विष नको. जुळे भाऊ वाचकाला आधी सूचना दिल्याशिवाय नकोत. अपघाताने किंवा अंतःप्रेरणेने गुप्तहेराचं फावू नये. त्यांचा पाचवा नियम मात्र आज वाचताना टोचतो: कथेत चिनी माणूस नको. त्या वेळच्या सवंग कथांमध्ये कुठलंही पाप गूढ चिनी खलनायकाच्या माथी मारायची रीत पडली होती, तिला नॉक्स कंटाळले होते, हे खरं. पण कंटाळा साच्याचा आणि नाव माणसांचं, ही गोष्ट खटकतेच, आणि शपथेतही तो उल्लेख होता.

शपथेचा मजकूर सेयर्स यांच्या हातचा असं मानतात, आणि तो वाचला की तसं वाटतंही. उमेदवाराला विचारलं जाई: तुमचे गुप्तहेर त्यांच्यापुढे आलेल्या गुन्ह्यांचा तपास खरोखरच, तुम्ही त्यांना जी काही बुद्धी बहाल कराल तिच्याच बळावर करतील ना? दैवी साक्षात्कार, स्त्रीसुलभ अंतर्ज्ञान, मंत्रतंत्र, बनवाबनवी, योगायोग आणि ईश्वरी करणी यांवर विसंबणार नाही ना? वाचकापासून एकही महत्त्वाचा दुवा लपवणार नाही, अशी शपथ घेता? टोळ्या, कटकारस्थानं, मरणकिरण, भुतं, संमोहन, चोरदरवाजे, महागुन्हेगार आणि वेडे यांच्या वापरात शोभेल इतका संयम ठेवाल? राजाच्या इंग्रजीचा मान राखाल?

ज्या क्लबमध्ये ख्रिस्ती आणि सेयर्स यांचा शब्द चाले, त्याच क्लबच्या शपथेत स्त्रीसुलभ अंतर्ज्ञानाला बंदी आहे, ते मला मनापासून पटतं. या बायकांनी बुद्धीने खून रचले आणि बुद्धीने उकलले. आपल्या गुप्तहेराला ‘मला आतून वाटलं’ असं म्हणायची मुभा त्यांना नकोच होती.

विधी रात्रीच्या जेवणानंतर व्हायचा. न्यूझीलंडच्या लेखिका नायो मार्श १९३७ मध्ये बेंटली यांच्या अध्यक्षपदग्रहणाला पाहुण्या म्हणून गेल्या होत्या, त्यांनी ते दृश्य लिहून ठेवलं आहे. दिवे मालवलेले. सेयर्स आपल्या विद्यापीठाचा झगा घालून आलेल्या. मागून मिरवणूक: एकाच्या हातात नंगी तलवार, एकाकडे विषाची कुपी, आणि जॉन ऱ्होड यांच्या हातात उशीवर ठेवलेली माणसाची कवटी. कवटीचं नाव एरिक. ऱ्होड यांनीच तिच्यात विजेचे दिवे बसवले होते म्हणतात, त्यामुळे तिचे डोळे अंधारात पेटत. बेंटली शपथ घेऊन मोकळे झाले न झाले तोच सेयर्स यांनी काहीही पूर्वसूचना न देता, त्या बंद दालनात, हातातल्या रिव्हॉल्वरचा बार उडवला.

नव्या सभासदाने हात ठेवायचा तो या एरिकवर. पोरखेळ म्हणून याकडे पाहणारे त्या वेळीही असतील. मला त्यात दुसरं काही दिसतं. या माणसांनी एक महायुद्ध पाहिलं होतं, काहींनी त्यात भाग घेतला होता, अनेकांच्या घरातली माणसं गेली होती. मृत्यूचा कोडं म्हणून खेळ मांडणं त्यांना सहज जमलेलं नसणार. गंभीर गोष्टीला हात घालताना आधी सगळ्यांनी मिळून खेळाचे नियम ठरवावेत आणि ते मोडणार नाही असं एकमेकांसमोर बोलावं, ही गरज त्या सोंगाच्या आत होती.

क्लबला स्वतःची जागा हवी होती आणि त्यासाठी पैसा. इथून या मंडळाचा मला सर्वांत प्रिय असलेला भाग सुरू होतो, कारण पैसा उभा करायचा त्यांनी ठरवला तो सगळ्यांनी मिळून लिहून. १९३० मध्ये बीबीसीवर सहा लेखकांनी मिळून एक कथा रेडिओवर सांगितली. प्रत्येकाने आपला भाग लिहायचा आणि स्वतःच वाचायचा, श्रोत्यांनी घरी बसून उकल शोधायची. पुढच्या वर्षी तशीच आणखी एक, बारा भागांची. अशा कमाईतून सोहो भागात जेरार्ड स्ट्रीटवर क्लबच्या खोल्या चालल्या.

आणि १९३१ मध्ये आलं ‘द फ्लोटिंग अॅडमिरल’. नदीच्या भरतीबरोबर एक होडी वाहत येते. होडी गावच्या पाद्र्याची, आत निवृत्त अॅडमिरल पेनिस्टन यांचा भोसकलेला मृतदेह. कॅनन व्हिक्टर व्हाइटचर्च यांनी पहिलं प्रकरण लिहून ते पुढच्याच्या हाती दिलं. पुढच्याने दुसरं लिहिलं, त्याच्या पुढच्याने तिसरं. चौथं ख्रिस्ती, सातवं सेयर्स. कुणी कुणाला विचारायचं नाही की तुझ्या मनात खुनी कोण आहे. चेस्टरटन यांची प्रस्तावनेसारखी सुरुवात पुस्तकात सगळ्यांत आधी येते, पण ती लिहिली गेली सगळ्यांत शेवटी.

नुसतं एवढंच असतं तर तो भेंड्यांचा खेळ झाला असता. आपल्याकडेही कॉलेजच्या कट्ट्यावर, मासिकांत, एकाने सुरू करून दुसऱ्याने पुढे न्यायच्या गोष्टी लिहिल्या जातात आणि चौथ्या माणसापाशी त्या गटांगळ्या खातात, कारण प्रत्येक जण पुढच्याची पंचाईत करण्यासाठी नवं पिल्लू सोडतो. क्लबने दोन नियम घातले होते, ते सेयर्स यांनी प्रस्तावनेत सांगितले आहेत. पहिला: लिहिणाऱ्याच्या मनात एक निश्चित उकल असली पाहिजे, केवळ गुंता वाढावा म्हणून नवीन काही घुसडायचं नाही. दुसरा: आधीच्यांनी टाकलेल्या प्रत्येक अडचणीला प्रामाणिकपणे भिडायचं, एकही दुवा सोईस्करपणे विसरायचा नाही. आणि पुरावा म्हणून, सुरुवातीची दोन प्रकरणं सोडली तर, प्रत्येकाने आपल्या प्रकरणासोबत आपली उकल लिहून द्यायची. त्या सगळ्या उकली पुस्तकाच्या शेवटी परिशिष्टात छापल्या आहेत.

ते परिशिष्ट मी कादंबरीपेक्षा जास्त वेळा वाचलं आहे. एकच होडी, एकच प्रेत, तोच कापलेला दोर, आणि प्रत्येकाच्या डोक्यात वेगळाच खुनी. खुनी कोण ते इथे सांगत नाही. ज्यांनी वाचलेलं नाही त्यांचा तो हक्क आहे. आठव्या प्रकरणात नॉक्स यांनी इन्स्पेक्टर रज यांना बसवून एकोणचाळीस शंका लिहून काढायला लावल्या, कारण तोवर इतके धागे लोंबत होते की कुणीतरी मोजदाद करायलाच हवी होती. शेवटचं प्रकरण बर्कली यांच्या वाट्याला आलं. त्याचं शीर्षकच ‘पसारा आवरणं’ अशा अर्थाचं आहे, आणि ते पुस्तकातलं सर्वांत लांबलचक प्रकरण आहे. कादंबरी म्हणून पुस्तक ओबडधोबड आहे, मधली काही प्रकरणं रटाळ आहेत. पण लेखक विचार कसा करतो हे इतकं उघडं करून दाखवणारं दुसरं पुस्तक मला माहीत नाही. ख्रिस्ती बाई समोर पडलेल्या सामानातून आपल्याला हवं ते कसं उचलतात, सेयर्स आधीच्यांच्या तपशिलातली फट कशी हेरतात, हे त्यांच्या स्वतःच्या कादंबऱ्यांत दिसत नाही. तिथे त्या सगळ्या खुणा पुसून टाकतात.

पुढेही क्लबने अशा खटपटी केल्या. १९३३ च्या पुस्तकात त्यांनी एकमेकांचे गुप्तहेर अदलाबदल करून वापरले: सेयर्स यांचा लॉर्ड पीटर विम्सी बर्कलींनी लिहिला आणि बर्कलींचा रॉजर शेरिंगहॅम सेयर्स यांनी. १९३६ मध्ये सहा जणांनी आपापल्या मते बिनचूक खून लिहिला आणि स्कॉटलंड यार्डचे निवृत्त सुपरिंटेंडंट कॉर्निश यांनी प्रत्येक कथेखाली लिहिलं की मी असतो तर या खुन्याला कसा धरला असता. आपला खून खऱ्या पोलिसाच्या हाती सोपवायला धैर्य लागतं.

दुसऱ्या महायुद्धात क्लब थंडावला, नंतर पुन्हा उभा राहिला. सेयर्स गेल्यावर १९५७ मध्ये ख्रिस्ती अध्यक्ष झाल्या, पण अट घालून की मी भाषणं करणार नाही. म्हणून लॉर्ड गोरेल यांना सहअध्यक्ष केलं, बोलायचं काम त्यांच्याकडे. इतकी विकली जाणारी लेखिका चार माणसांपुढे बोलायला बिचकत होती आणि तिच्या सहकाऱ्यांनी त्याचा बाऊ न करता शांतपणे सोय करून दिली, हे मला त्या क्लबच्या चांगुलपणाचं लक्षण वाटतं. त्या १९७६ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत अध्यक्ष होत्या. दाराची चौकटही हळूहळू रुंद झाली. शर्यतीच्या घोड्यांच्या जगावर थरारकथा लिहिणारे डिक फ्रान्सिस आत आले. बर्कलींच्या पहिल्या नियमावलीत ते बसले नसते.

इथे आपल्या घरातला माणूस कथेत येतो. १९८५ ते २००० अशी पंधरा वर्षं या क्लबचे अध्यक्ष होते एच. आर. एफ. कीटिंग. त्यांचा नायक म्हणजे मुंबई सीआयडीचा इन्स्पेक्टर गणेश घोटे. कचेरी क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या पोलीस मुख्यालयात. १९६४ मध्ये ‘द परफेक्ट मर्डर’ आली, तिला ब्रिटिश गुन्हेकथा लेखकांच्या संघटनेचा गोल्ड डॅगर मिळाला, पुढे नसीरुद्दीन शाह यांनी घोटे पडद्यावर आणला. कीटिंग यांनी तोवर मुंबई पाहिलेली नव्हती. वाचून, ऐकून ते लिहीत राहिले आणि सुमारे दहा वर्षांनी, एअर इंडियाने निमंत्रण दिल्यावर, पहिल्यांदा इथे आले.

घोटेच्या तोंडचं इंग्रजी मराठी कानाला खुपतं, हे सांगायलाच हवं. प्रत्येक क्रियापदामागे लावलेला तो ‘इंग’ आपल्याकडचा कुठलाही फौजदार इतक्या नेमाने वापरत नाही. पण माणूस म्हणून घोटे मला खरा वाटतो. साहेबाने झापलं की आतल्या आत कुढणारा, बड्या धेंडांच्या बंगल्यात शिरताना संकोचणारा, तरी पुराव्याचा चिवटपणे पाठलाग करणारा. शपथेतली ओळ आठवा: लेखकाने जी काही बुद्धी बहाल केली असेल तिच्या बळावर. घोटेला अफाट बुद्धी दिलेली नाही. तो चुकतमाकत, माणसांशी बोलत, पायी फिरत उकलीपर्यंत पोचतो. चेस्टरटन आणि ख्रिस्ती यांच्या खुर्चीवर अशा साध्या मराठी इन्स्पेक्टरचा निर्माता बसला होता, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

मग आपल्याकडे असं टेबल का झालं नाही, हा प्रश्न मला छळतो. वाचक नव्हते असं कुणी म्हणू शकणार नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय यांच्यासाठी सर्क्युलेटिंग लायब्ररीत नंबर लागायचे, पुस्तक हातोहात फिरून त्याच्या कडा पिंजायच्या. नंतर सुहास शिरवळकरांनी एका अख्ख्या तरुण पिढीला वेड लावलं. ‘नवल’ आणि ‘धनंजय’सारख्या दिवाळी अंकांनी रहस्यकथेला हक्काची पानं दिली. लेखक होते, प्रकाशक होते, वाचनालयं होती. पण यातल्या बहुतेकांनी एकट्याने, खोलीत बसून, महिन्याचा रतीब घालत लिहिलं. साहित्य संमेलनात त्यांना मांडवाच्या कडेला जागा. कवींच्या बैठका व्हायच्या, नवकथेवर परिसंवाद व्हायचे, नाटकाच्या तालमीत दहा जण दहा सूचना करायचे. रहस्यकथाकाराला मात्र ‘अहो, तुमच्या तिसऱ्या प्रकरणातली किल्ली पुढे कुठे गेली?’ असं विचारणारं समव्यावसायिक माणूस क्वचितच भेटलं असेल. अर्नाळकरांचा वेग आणि झपाटा मला आजही थक्क करतो. बर्कलींच्या नियमात ती थरारकथा ठरली असती आणि तो नियमाचा तोटा झाला असता. तरीही वाटतं, एवढ्या अचाट कल्पकतेच्या माणसाला दर महिन्याला जेवायला बोलावणारे, खोचक प्रश्न विचारणारे चार सोबती मिळाले असते तर मराठी रहस्यकथेचा पाया किती पक्का झाला असता!

कारण या कथेत लेखक वाचकाला फसवणार हे दोघांनाही मान्य असतं. सगळं काही वाचकाच्या डोळ्यांसमोर ठेवून त्याला फसवायचं असतं, आणि ते जमलं का हे लिहिणाऱ्याला स्वतःला कधीच कळत नाही. त्याला उत्तर आधीच माहीत असतं. त्यासाठी उत्तर माहीत नसलेलं, पण फसवायची कला जाणणारं दुसरं डोकं लागतं.

ठाण्यात आम्ही काही जण महिन्यातून एकदा एकाच्या घरी जमतो. नाव नाही, घटना नाही, वर्गणी नाही. औषधाचं दुकान चालवणारे एक गृहस्थ आहेत, मराठी शिकवणाऱ्या एक बाई आहेत, बँकेत काम करणारी एक मुलगी, मी, आणि मध्य रेल्वेतून मोटरमन म्हणून निवृत्त झालेले एक काका. काकांनी आयुष्यात गोष्ट लिहिलेली नाही, ते ऐकायला येतात. सध्या आम्ही ‘फ्लोटिंग अॅडमिरल’च्या नियमांनी एक कादंबरी लिहितो आहोत. ज्याने त्याने आपलं प्रकरण वाचायचं आणि उकल पाकिटात बंद करून औषधवाल्यांकडे द्यायची. पाकिटं त्यांच्या दुकानातल्या कुलूपबंद कपाटात असतात.

बाईंनी लिहिलेल्या प्रकरणात मृताचा भाचा पोलिसांना सांगतो की रविवारी दुपारी मी सीएसएमटीकडे जाणारी स्लो लोकल पकडून नाहूरला उतरलो आणि मित्राकडे गेलो. प्रकरण वाचून झालं. चहा आला. काका बशीतला चहा संपवून म्हणाले, “बाई, त्या रविवारी ब्लॉक कुठल्या लाइनला होता?”

“ब्लॉक?”

“तुम्ही आधी एका ठिकाणी लिहिलंय ना, मुलुंडच्या पुढे स्लो लाइनवर पिवळी जाकिटं घातलेले लोक काम करत होते म्हणून. मग स्लो लाइन बंद. गाड्या फास्ट लाइनवर वळवलेल्या. फास्टला नाहूर नाही, कांजूर नाही. फलाटच नाही तिथे. हा उतरला कुठे?”

पिवळ्या जाकिटांची ती ओळ बाईंनी निव्वळ वातावरणासाठी लिहिली होती. त्या क्षणभर गप्प झाल्या, मग त्यांचा चेहरा उजळला. बँकेतली मुलगी टाळी वाजवून म्हणाली, “म्हणजे तो खोटं बोलतोय!” खोलीत एकच कल्ला झाला. भाच्याची सुटका करणारी साक्षच आता त्याच्या गळ्याशी आली होती.

पण खरी चर्चा नंतर रंगली. औषधवाले म्हणाले, हे ठाणे-मुंबईच्या वाचकाला कळेल. सांगलीच्या किंवा नागपूरच्या वाचकाला मेगाब्लॉक काय माहीत? त्याच्यापासून दुवा लपवल्यासारखं होईल. मी म्हटलं, मग त्याला आधी सांगू. पण सांगतोय हे त्याला कळता कामा नये. शेवटी ठरलं ते असं: दोन प्रकरणं आधी, मृताची मुलगी फलाटावर वडापाव घेते. वडापाववाल्याकडे सुटे नाहीत, ती पर्स धुंडाळते आणि मागे उद्घोषणा चालू असते की धीम्या मार्गावरील गाड्या जलद मार्गावर वळवण्यात आल्या आहेत, नाहूर आणि कांजूरमार्ग स्थानकांवर थांबणार नाहीत. मुलगी त्या वेळी आईच्या फोनची वाट पाहत असते. वाचक तिच्यासोबत फोनची वाट पाहील. उद्घोषणा त्याच्या कानावर पडलेली असेल, अक्षरन् अक्षर, आणि तो ती मुंबईचा नेहमीचा कलकलाट समजून सोडून देईल. पुढे जेव्हा भाचा नाहूरचं नाव घेईल, तेव्हा सांगलीचा वाचक आणि मुलुंडचा वाचक अगदी बरोबरीत उभे असतील.

त्या परिच्छेदावर आम्ही संध्याकाळभर बसलो. उद्घोषणा सुट्या पैशांच्या आधी आणायची की नंतर? पूर्ण द्यायची की अर्धी? बाईंचं म्हणणं, अर्धी दिली तर ती लबाडी. पूर्ण द्यायची आणि लगेच फोन वाजवायचा. काकांनी उद्घोषणेचे शब्द दुरुस्त करून दिले, बाईंनी फोनवरचं आईचं पहिलं वाक्य तीनदा बदललं, आणि सगळ्यांनी आळीपाळीने मोठ्याने वाचून पाहिलं की कान कुठे अडखळतो का.

बंद पाकिटांमधल्या काही उकली या एका प्रश्नाने निकालात निघाल्या असणार. कुणाच्या, ते विचारायची परवानगी नाही. शेवटचं प्रकरण कुणी लिहायचं यावर अजून एकमत झालेलं नाही. बाई म्हणतात औषधवाल्यांनी, औषधवाले माझं नाव घेतात. मी काकांचं नाव सुचवलं आहे. ते नको म्हणाले, पण परवा त्यांचा फोन आला होता. त्यांना विचारायचं होतं की इन्स्पेक्टरने भाच्याला घेऊन प्रत्यक्ष मोटरमनच्या केबिनमधून तो प्रवास केला तर चालेल का, आणि त्यासाठी परवानगी कुणाची लागते हेही कथेत सांगावं लागेल का. मी म्हटलं, सांगावंच लागेल काका, आणि वहीत लिहून ठेवा.